पुढच्या शॉकअपचं सील दर चार महिन्यांनी जातंय, घरी खोलायचं तर

हिंगणा रोडवरच्या एका भावाने विचारलंय. १५० सीसीची गाडी, सहा वर्षं जुनी, रोज बुटीबोरीला जाणं-येणं. डाव्या शॉकअपमधून तेल गळायला लागलं म्हणून दिवाळीत सील बदललं. होळी आली तोवर पुन्हा गळती. पुन्हा सील टाकलं, आता पाऊस तोंडावर आलाय आणि पाइप परत ओला. मेकॅनिक म्हणतो, अख्खा फोर्कच, म्हणजे पुढचं पूर्ण शॉकअप, नवा टाका. तर हे काम घरी जमतं का, आणि सील टिकत काहून नाही?

घरी जमतं. माझं मानेवाड्याकडे छोटं गॅरेज आहे, वीस वर्षं हेच करतोय. मला दोन्ही बाजूंना मिळून दीड तास लागतो. तुम्ही पहिल्यांदा करताय, अख्खा रविवार ठेवा आणि सोमवारी ऑफिसला जायला दुसऱ्या कुणाची गाडी सांगून ठेवा. पण त्याआधी एक बघा. डिस्क त्याच बाजूला असेल, तर तेल ओघळून कॅलिपरवर (ब्रेक पॅड धरणारा भाग) आलंय का? डिस्कवर बोट फिरवून तेलकट लागलं तर गाडी आजच उभी करा. तेल प्यालेले ब्रेक पॅड कितीही घासले, धुतले तरी भरवशाचे राहत नाहीत, ते बदलायचेच. डिस्क मात्र ब्रेक क्लीनरने साफ होते.

आता टिकत का नाही ते. गळती दिसली की सगळे सीलला शिव्या देतात. सील म्हणजे रबराची एक पातळ ओठासारखी कड, तिच्या मागे केसासारख्या तारेची गोल स्प्रिंग, ती कडेला पाइपवर दाबून धरते. बाहेरून पोलादी कडं. बस, एवढंच. ही कड पाइपवर हजारो वेळा वर-खाली घासते आणि पाइप आरशासारखा असेल तर वर्षानुवर्षं घासत राहते. पाइपवर एक बारीक खड्डा असला, की दर खेपेला तो खड्डा रबराला कानशीसारखा चावतो. नवं सील टाकलं तर नवं रबर चावतो, जुनं असेल तर जुनं. तीन-चार महिन्यांत एका सीलचा निकाल लागत असेल तर सील नव्याण्णव टक्के निर्दोष असतं. तुमच्याकडे दोन्ही वेळा सील बदललं गेलं, पाइप कुणी बघितला का, हे विचारा.

मागच्या उन्हाळ्यात असाच एक गडी आला होता, तिसरं सील घेऊन. पाइप फडक्याने पुसला, चकचकीत. डोळ्याला काही दिसेना. मग अंगठ्याचं नख आडवं धरून वरून खाली सावकाश आणलं. सीलच्या वर चार-पाच बोटांवर, पुढच्या बाजूला, नख ‘कट्’ करून अडलं. भिंग लावून बघितलं तर खसखशीच्या दाण्याएवढा काळा ठिपका, त्याची एक कड उचललेली. समोरच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेली गिट्टी लागली असेल, क्रोमला टवका गेला, पावसाचं पाणी आत शिरलं आणि लोखंड गंजून फुगलं. खसखशीच्या त्या एका दाण्याने तीन सीलं खाल्ली होती.

म्हणून पहिलं काम, गाडी खोलायच्याही आधी: पाइप वाचा. पाइप पुसा, गाडी उभी ठेवून चारही बाजूंनी नख फिरवा, पुढची बाजू दोनदा. मग कापसाचा बोळा घेऊन हलक्या हाताने फिरवा. जिथे कापसाचे तंतू अडकून राहतील तिथे खरबरीत जागा आहे. मार्करने बाजूला खूण करा. आता दुसरी गोष्ट समजून घ्या. सील पाइपच्या सगळ्या लांबीवर फिरत नाही. प्लॅस्टिकची केबल टाय पाइपभोवती डस्ट सीलला (तेलाच्या सीलच्या वरचं, धूळ अडवणारं रबर) टेकवून बांधा आणि दोन दिवस नेहमीच्या रस्त्याने चालवून या (ब्रेक तेलकट नसतील तरच). टाय जिथपर्यंत सरकली तिथपर्यंत सीलची हद्द. त्याच्या बऱ्याच वर, टीच्या (हँडलखाली पाइप धरणारे वर-खाली दोन आडवे तुकडे) जवळ गंज असेल तर तो दिसायला वाईट, पण सीलला त्याचं काही नाही. हद्दीच्या आतला एक ठिपका मात्र पुरेसा आहे.

ठिपका सापडलाच नाही तर? मग कदाचित खोलायचीही गरज नाही. उमरेडकडून कोळशाच्या धुळीतून येणाऱ्या गाड्या किंवा कोराडीच्या बाजूला राखेतून फिरणाऱ्या गाड्या, यांच्या सीलच्या कडेखाली बारीक कण जाऊन बसतो, कड तेवढीशी उचलली जाते आणि तेल पाझरतं. सील शाबूत असतं. जुनी एक्स-रेची फिल्म घ्या, घराघरांत एखादी पडलेली असतेच. बोटाएवढी रुंद पट्टी कापा, एका टोकाला बाजूने आकड्यासारखी खाच करा, कडा पॉलिश पेपरने मऊ करा. डस्ट सील पेचकसाने अलगद वर सरकवा, फिल्म पाइप आणि सीलच्या मधून खाली घाला, पाइपभोवती एक गोल फिरवा आणि ओढून काढा. काळी घाण आकड्यात अडकून येते. दोन-तीनदा करा, पुसा, पुढचा ब्रेक धरून गाडी दहा वेळा दाबा. मी दर पाच गळत्या गाड्यांतली एक तरी अशीच परत पाठवतो. या कामाचे पैसे घ्यायला लाज वाटते, म्हणून चहावर भागवतो.

तुमची गोष्ट दोन वेळा सील बदलूनही तीच आहे, त्यामुळे ठिपका सापडेल असं धरून पुढचं सांगतो.

सामान आधी गोळा करा. दोन्ही बाजूंची सीलं आणि डस्ट सीलं घ्या, एका बाजूचं कधी घेऊ नका. सीलवर तीन आकडे उठवलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ३१ च्या पाइपला बहुधा बाहेरून ४३ चं सील येतं, ४१ च्या पाइपला ४१-५४-११ असं. दुकानदाराने ‘चालून जाईल’ म्हटलं तरी आकडे जुळल्याशिवाय घेऊ नका. शॉकअपच्या बुडातल्या अ‍ॅलन बोल्टचा (षटकोनी खाचेचा) तांब्याचा वॉशर नवा घ्या, वरच्या कॅपची ओ-रिंग नवी घ्या. फोर्क ऑइल, बोल्टचे आटे सुटू नयेत म्हणून लावायचं लॉकचं द्रव्य, थोडं ग्रीस. लांब अ‍ॅलन सॉकेट लागेल, ६ किंवा ८ मिमी, गाडीप्रमाणे. आणि धंतोलीतल्या कुठल्याही मेडिकलमधून ५० मिलीची मोठी सिरिंज आणि तिच्या तोंडाला बसेल अशी नळी.

गाडी मेन स्टँडवर, पुढचं चाक हवेत. मेन स्टँड नसेल तर इंजिनखाली लाकडी फळी आणि जॅक. सायलेन्सरच्या पाइपवर भार देऊ नका. त्याउपर हँडल दोरीने वर बांधा. ज्यांच्या पोर्चमध्ये झोपाळ्याचा हूक आहे त्यांचं नशीब. चाक काढल्यावर गाडीचा तोल मागे-पुढे होतो आणि जॅकवरची गाडी एकदा कलली की माणसाने धरून थांबत नाही.

कॅलिपर काढलात तर तो होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधून ठेवा आणि दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला. घरात लहान मूल असेल तर ते येऊन हमखास ब्रेकचं लिव्हर दाबतं, मग पिस्टन बाहेर येतो आणि तुमचा रविवार त्यात जातो. मीटरची केबल, मडगार्डचे बोल्ट, एक्सल, चाक, हे सगळं सांगण्यासारखं नाही. फक्त वरच्या टीच्या बाहेर पाइप किती मिलिमीटर डोकावतोय ते मोजून लिहून ठेवा, आणि एक-एक फोटो काढा.

सोडायचा क्रम मात्र चुकवायचा नाही. पाइप अजून गाडीवर असताना वरच्या टीचा आवळणारा बोल्ट सैल करा, खालचा घट्टच ठेवा. आता पाइपच्या डोक्यावरचा कॅप बोल्ट अर्धा आटा फिरवा, जास्त नाही. वरची टी आवळलेली असताना तो बोल्ट फिरवायला गेलात तर टी त्याच्या आट्यांना चिमटते आणि बोल्टचं डोकं खराब होतं. गाडीवरून उतरवल्यावर सोडायला गेलात तर पाइप धरायला जागा नाही, आणि व्हाइसमध्ये क्रोमचा पाइप धरणाऱ्याला माझ्या गॅरेजमध्ये चहा मिळत नाही.

अर्धा आटा सैल झाला की खालच्या टीचा बोल्ट सोडा आणि पाय, म्हणजे पाइप आणि त्याखालचं जाड अ‍ॅल्युमिनियमचं नळकांडं (बॉटम) मिळून, फिरवत-फिरवत खाली काढा. कॅप अजून काढायची नाही. का, तर खालच्या टोकाला बॉटमच्या आत खोल बसलेला अ‍ॅलन बोल्ट आधी सैल करायचा आहे. तो बोल्ट आतल्या सीट पाइपला (बारीक भोकांची आतली नळी) धरतो आणि सीट पाइप आत मोकळा असतो. बोल्ट फिरवला की सीट पाइपही सोबत गरगर फिरतो आणि बोल्ट जागचा हलत नाही. आत स्प्रिंग दाबलेली असेल तर ती सीट पाइपला दाबून धरते. म्हणून पाय आडवा धरून वरचं टोक भिंतीला लाकडी फळी लावून टेकवा, घरातल्या कुणाला तरी जोर लावून दाबायला सांगा आणि एका झटक्यात अ‍ॅलन सोडा. हळूहळू जोर लावला तर फिरतो, झटका दिला तर सुटतो. खाली परात ठेवा, इथूनही तेल येतं. तरीही फिरतच राहिला तर झाडूच्या लाकडी दांड्याचं टोक निमुळतं तासा, नंतर स्प्रिंग काढल्यावर वरून आत घालून दाबून धरा. तोही उपाय चालला नाही तर पाय उचलून कारच्या टायरवाल्याकडे न्या, त्याच्याकडची हवेवरची गन दोन सेकंदांत काढते.

मग कॅप. खाली स्प्रिंग दाबलेली आहे हे विसरू नका. शिकाऊ असताना मी पाय उभा धरून, वर वाकून, शेवटचा आटा सोडला होता. कॅप माझ्या कानाजवळून गेली आणि शेडच्या पत्र्याला लागली. तो पोचा अजून आहे. नवीन पोरगा आला की आधी त्याला तो दाखवतो. तोंड बाजूला ठेवा, कॅपवर फडकं आणि तळहाताचा जोर ठेवून शेवटचे आटे सोडा. काही गाड्यांत आट्यांच्या ऐवजी तारेचं लॉक असतं. तिथे एकाने कॅप दाबायची, दुसऱ्याने लॉक काढायचं, एकट्याने नाही.

स्प्रिंग काढताना ती कुठल्या तोंडाने बसली होती ते बघा, दाट वेढे वर की खाली. काढून कोपऱ्यात टाकली आणि नंतर आठवलं नाही असं नको. पाय उलटा करून तेल परातीत ओता, दहा-बारा वेळा पंप करा. आता त्या तेलाकडे जरा बघा. नवीन असताना ते लालसर किंवा मधासारखं असतं. तुमच्याकडून निघेल ते राखाडी असेल, उन्हात धरलं तर चांदीसारखी चमक. ती चमक बॉटमच्या अ‍ॅल्युमिनियमची. वासही जळकट, सडका. कॉफीत दूध टाकल्यासारखं पांढुरकं असेल तर पाणी गेलंय, म्हणजे डस्ट सील बरेच दिवस फाटलेलं होतं. दिवाळीत आणि होळीत सील बदलताना तेलही बदललं असेल, तर एवढ्या लवकर ते काळवंडायला नको. काळं निघालं तर समजा की जुनंच तेल गाळून परत ओतलं होतं. हे तेल नालीत ओतू नका. नाग नदीच्या वाट्याला आधीच भरपूर येतंय. बाटलीत भरून गॅरेजवाल्याला द्या.

अ‍ॅलन बोल्ट पूर्ण काढा, डस्ट सील वर काढा, खाली तारेचं लॉक दिसेल ते बारीक पेचकसाने काढा. ते गंजलेलं असलं तर एक थेंब डिझेल टाकून दहा मिनिटं थांबा. आपल्याकडच्या बऱ्याच साध्या गाड्यांत पाइप थेट अ‍ॅल्युमिनियमच्या बॉटममध्येच सरकतो, तिथे पाइप आता सरळ हातात येतो आणि सील बॉटममध्येच राहतं. मोठ्या गाड्यांत पाइपवर आणि बॉटममध्ये बुश (घासण्यासाठी बसवलेल्या कड्या) असतात, तिथे पाइप हातोडीसारखा झटके देत ओढायचा, बुशच सीलला बाहेर ढकलतो. बॉटममध्ये राहिलेलं सील टायर काढायच्या टॉमीने उचलायचं, पण टॉमी जिथे टेकेल तिथे बॉटमच्या काठावर जाड फडक्याची घडी ठेवा. इथे काठाला ओरखडा पडला तर नवं सील बाहेरच्या बाजूने गळतं आणि मग माणूस वेडा होतो, कारण पाइप स्वच्छ, सील नवं, तरी तेल.

आता सगळं डिझेलने धुवा, शेवटी पेट्रोलने. मे-जूनमध्ये पेट्रोल घेऊन घरात बसू नका. मोकळ्यात, सावलीत, आणि शेजारी बिडी ओढणारा कुणी नको. सीट पाइपच्या टोकावरची रिंग तुटलेली नाही ना बघा, त्याची बारीक भोकं तारेने मोकळी करा. बॉटममध्ये पाइप घालून आडवा हलवा. खडखड खेळ जाणवला तर बॉटम आतून झिजलाय, त्यात सोन्याचं सील टाकलं तरी गळणार.

पाइप सरळ आहे का? घरात जाड काचेचं टेबल असेल तर त्यावर पाइप लोळवा आणि खालून प्रकाशाची फट बघा. फट कमी-जास्त होत असेल तर वाकलाय. लेथवाल्याकडे व्ही-ब्लॉकवर डायल लावून दोन मिनिटांत कळतं. वाकलेला पाइप दाबून सरळ करून देणारे आहेत, पण दुसऱ्या गड्ड्यात तो पुन्हा तिथेच वाकतो. मी करत नाही.

तो ठिपका. इथे घाई करू नका, हाच तुमच्या रविवारचा खरा तास आहे. २००० नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर तेल, आणि पाइपच्या गोलाईने आडवं घासायचं, लांबीने कधी नाही. लांबीने पडलेला बारीक चरा तेलाला वर यायला वाट करून देतो. आडवा चरा उलट तेल धरून ठेवतो. हेतू एवढाच की उचललेली कड खाली बसावी. नख परत फिरवा. कड गेली पण खड्डा जाणवतोय, तर थिनरने कोरडा करून हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या दोन ट्यूबच्या इपॉक्सीचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब खड्ड्यात भरा. रात्रभर राहू द्या, मग १००० आणि २००० च्या पेपरने पाइपबरोबर सपाट करा. एक-दोन ठिपक्यांना हे वर्ष-दोन वर्षं चांगलं चालतं. मी स्वतःच्या गाडीवर केलंय.

पण ठिपके डझनभर असतील, किंवा क्रोम पापुद्र्यासारखं सुटत असेल, तर तो पाइप संपला. तुमचा मेकॅनिक इथे निम्मा बरोबर आहे. अख्खा फोर्क घ्यायची गरज नाही, पाइप सुटा मिळतो. पुन्हा क्रोम करून घ्यायचं मनात असेल तर ‘हार्ड क्रोम’ करून, नंतर ग्राइंड करून मापात आणून देणारा हवा. बंपर चमकवणाऱ्याकडे दिलात तर वरून सुंदर दिसेल आणि महिन्याभरात सीलखाली सोलून निघेल. ती सजावटीची क्रोम वेगळी, ही कामाची वेगळी.

जोडणी. सीट पाइप, रिंग, छोटी स्प्रिंग पाइपमध्ये सोडा, त्याच्या टोकाला कोनासारखा तुकडा असतो तो विसरू नका, बॉटममध्ये घाला. अ‍ॅलन बोल्टच्या आट्यांवर लॉकचा एक थेंब, नवा तांब्याचा वॉशर. आवळताना पुन्हा तेच गरगर फिरणं, पुन्हा तोच भिंत-फळीचा खेळ, तात्पुरती स्प्रिंग आणि कॅप लावून. बहुतेक गाड्यांना साधारण २० न्यूटन-मीटर पुरतं. तुमच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तो खरा. आवळून झालं की कॅप आणि स्प्रिंग परत बाहेर काढा, तेल त्यानंतरच भरायचं आहे.

सील घालताना पाइपच्या वरच्या टोकाची धार हा शत्रू. दुधाच्या पिशवीचा तुकडा त्या टोकावर घट्ट ताणा, बाहेरून तेल लावा. सीलच्या ओठाला बोटाने ग्रीस. आकडे लिहिलेली बाजू वर, तारेची स्प्रिंग दिसते ती बाजू खाली, तेलाकडे. उलटं घातलेलं सील मी आजवर तीनदा बघितलंय, एकदा माझ्याच हातचं. सील पिशवीवरून सरकून खाली आलं की पिशवी ओढून घ्या.

बसवायला खास टूल लागतं असं सांगतात. ३१ च्या पाइपला ४० मिमीचा पीव्हीसी पाइप पुरतो, आतून शॉकअपचा पाइप मावतो आणि बाहेरून बॉटमच्या काठाच्या आत राहतो. जाड पाइप असेल तर त्या मापाचा शोधा. नव्या सीलवर जुनं सील ठेवून ठोका, म्हणजे नव्याला मार बसत नाही. फक्त जुन्याला आधी हॅक्सॉने एक काप द्या, नाही तर तेही आत अडकून बसतं. आणि बॉटम आधी अर्धा तास गच्चीवर उन्हात ठेवा. नागपूरच्या मेच्या उन्हाचा एवढा एकच उपयोग मला आजवर सापडलाय. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे तापलेल्या बॉटममध्ये सावलीतलं सील दोन-चार ठोक्यांत बसतं. लॉकची खाच पूर्ण दिसेपर्यंत, चारही बाजूंनी सारखं. लॉक बसताना ‘टक्’ आवाज येतो. मग डस्ट सील.

तेलाबद्दल दोन गैरसमज मोडतो. पहिला, नागपूरला गरमी फार म्हणून जाड तेल टाकायचं. साध्या शॉकअपमध्ये तेल ठरावीक भोकांतून ढकललं जातं आणि भोकातून ढकलायला लागणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट. आता आपल्या शहरातले सिमेंटचे रस्ते आठवा. दर काही फुटांवर जोड, आणि चाक त्यावरून झपकन जातं. तेल जाड असेल तर तो प्रत्येक जोड मनगटात ‘टक-टक’ वाजतो. कंपनीने १० नंबरचं (आकडा मोठा तितकं तेल जाड) म्हटलं असेल तर १० टाका; फार खाली बसते असं वाटलं तर १५. गॅरेजमध्ये पिंपातून इंजिन ऑइल ओततात, त्याने गाडी चालते, पण दगडासारखी लागते. दुसरा गैरसमज, थोडं जास्त टाकलं तर बरं. आत तेलावर जी हवा राहते ती शेवटच्या इंचांत स्प्रिंगचं काम करते. तेल जास्त म्हणजे हवा कमी, म्हणजे गड्ड्यात दाब भयंकर वाढतो आणि तो पहिला सीलवरच निघतो. जास्तीच्या तेलानेही सील जातात, हे लक्षात ठेवा.

किती टाकायचं ते मॅन्युअलमध्ये असतं, आणि तिथे दोन आकडे असतील तर सुकं धुतल्यानंतरचा मोठा आकडा तुमचा. मी मापाने टाकतो आणि उंचीने खरं करतो. तेल ओता, वीस-पंचवीस वेळा हळूहळू पंप करा, बुडबुडे थांबेपर्यंत. दहा मिनिटं चहा. मग स्प्रिंगशिवाय पाइप पूर्ण खाली दाबून, पाय सरळ उभा धरून वरच्या काठापासून तेलापर्यंत मोजा. सिरिंजच्या नळीवर मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराएवढ्या मापाला टेप गुंडाळा, टेप काठाला टेकवून नळी आत सोडा आणि जास्तीचं तेल ओढून घ्या. दोन्ही पायांत पातळी अगदी सारखी. इथे मिलिमीटर मोजायचे.

स्प्रिंग, कॅप, टीमध्ये पाय, आधी लिहिलेल्या उंचीवर. खालच्या टीचा बोल्ट आवळा, मग कॅप पूर्ण आवळा, मग वरच्या टीचा. ड्रम ब्रेक असेल तर एक जागा जिवावरची आहे: बॉटमवर जी पट्टी उठलेली असते ती ब्रेक प्लेटच्या खाचेत बसलीच पाहिजे. ती बाहेर राहिली तर ब्रेक मारताच प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होतं. हात घालून चाचपा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. डिस्क असेल तर पुठ्ठा काढून कॅलिपर लावा आणि गाडी हलवायच्या आधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबा.

एक्सल आवळला, पण बॉटमवरचा, एक्सलला आवळून धरणारा चिमट्याचा बोल्ट सैल असतानाच गाडी खाली घ्या, ब्रेक धरून आठ-दहा वेळा जोराने दाबा आणि मगच तो आवळा. दोन पाय आपोआप समांतर येतात. ही पायरी गाळली की पाय किंचित तिरके राहतात, शॉकअप अडखळत उठतं आणि सील एका बाजूने घासतं. मेहनतीने केलेलं काम याच एका बोल्टपायी वाया गेलेलं मी बघितलंय.

उलटे, म्हणजे जाड भाग वर असलेले सोनेरी शॉकअप असतील तर त्यातलं बरंच वेगळं आहे, ते यावरून करू नका.

पहिल्या पन्नास किलोमीटरला पाइपवर पातळ गोल रेघ दिसेल, घाबरू नका. आठ दिवसांनी पांढरं फडकं पाइपभोवती फिरवा. डाग पिवळसर, चिकट असेल तर ते तुम्ही लावलेलं ग्रीस आहे, पुसून टाका. डाग ओला आणि पसरत जाणारा असेल तर आधी एक्स-रेची पट्टी फिरवा. तरी थांबला नाही तर नवं सील आणायला जाऊ नका, पाइपसमोर बसा आणि अंगठ्याचं नख पुन्हा वरून खाली आणा. एक कट् सुटलाय.